एक गुंठाही नको

१४ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. शहराच्या नव्या आराखड्यात आपलं गाव घेतलंय हे उन्हाळ्यापासून ऐकत होतो, रंग आज दिसले. गावठाणाच्या बाहेर जवळजवळ सगळं हिरवं. हिरवं म्हणजे शेती, फक्त शेती. आणि पश्चिमेला, यावल रस्त्याच्या कडेनं, आपल्या मळ्यापासून नाल्यापर्यंत एक मोठा पिवळा डाग. पिवळ्यात प्लॉट पडू शकतात, कॉलनी होऊ शकते.

भिंतीपुढं जत्रा. "तुह्यं हिरव्यात का पिवळ्यात?" एवढाच प्रश्न. पिवळ्यात निघालेल्यांचे चेहरे पोरगा नोकरीला लागल्यासारखे. सरपंच रुपचंद नाना माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "हितू, तुह्या बापाचा अख्खा मया पिवळा झाला रे. कायची भाजी-भाकर खातं आता, पार्टी दे!"

मला हसू आलं नाही. पश्चिम म्हणजे वाऱ्याचं तोंड. मार्च लागला की तापता वारा तिकडूनच येतो. आमचा मळा सगळ्यात पुढं, म्हणून कडेला शेवरीच्या झाडांची दाट भिंत आम्ही धरायची आणि मागच्या सगळ्या मळेवाल्यांनी त्या बदल्यात उन्हाळ्यात पाण्याची पहिली पाळी आम्हाला द्यायची. शिवारातला जुना करार आहे, कुठं लिहिलेला नाही. पुढची केळी तुटली की मागची भाजते, मग तिच्या मागची. पुढं कॉलनी झाली तर दहा वर्षांत अख्खं शिवार पडीक. हे भिंतीपुढं नाचणाऱ्या कोणालाच सुचलं नसेल?

घरी सांगितलं. आबा म्हणाले, "पाहू." माय म्हणाली, "जेवून घे." अक्का मात्र हातातलं काम सोडून ऐकत होती. धुळ्याहून नवऱ्याचं घर सोडून आली त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून ती गावातल्या कुठल्याच गोष्टीत एवढी रमलेली मी पाहिली नव्हती. तिनं विचारलं, पिवळ्यात कमीत कमी किती जागेवर घर बांधता येतं? मी म्हटलं, अक्का, तो प्रश्नच येऊ द्यायचा नाही, पिवळंच काढून टाकायचं. ती म्हणाली, "असं करता येतं?" म्हटलं, हरकती घेता येतात.

घरात एकजण तरी माझ्या बाजूनं आहे. बरं वाटलं.


१९ नोव्हेंबर

केळीची लागवड उरकली. आज कडेनं शेवरी टाकत होतो तर आबा आले, बांधावर बसले. मग म्हणाले, "हिरीच्या कोपऱ्यात शेवरी नको टाकू यंदा. राहू दे मोकयं."

"आबा, वारा तिथूनच तर घुसतो."

"मले माहीत हाये कुठून घुसतो ते."

"मग?"

ते उठले, टोपी झटकली आणि गेले. आबांचं वय होत चाललंय. मी शेवरी टाकली, कोपऱ्यातही. उलट तिथं दोन ओळी जास्त.


२ डिसेंबर

श्रेयांस भेटला. शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या वडिलांचं, माणकचंदशेठचं, यावलला खत-बियाण्याचं दुकान आहे. पिवळ्या डागातली सहा एकर त्यानं आधीच बोलून ठेवलीय. मी हरकतींसाठी सह्या गोळा करतोय हे त्याला कळलं होतं. चिडला नाही. चहा पाजला.

"हितू, तू हिरवं हिरवं करतो, कारण तुझ्याकडं आहे. तुझ्या गावात दोन खोल्यांत तीन-तीन सुना राहतात, त्यांना विचार ना. गावठाण तुझ्या आजोबाच्या वेळी होतं तेवढंच आहे. माणसं तेवढीच आहेत का?"

"आणि तू त्यांच्यासाठी प्लॉट पाडतो?"

"मी माझ्यासाठी पाडतो. पण राहणार तर माणसंच ना? का म्हशी?"

हा माणूस प्रामाणिक आहे, त्यामुळे त्याच्याशी भांडताना पंचाईत होते. परत येताना वाटेत त्याला द्यायची चार चांगली उत्तरं सुचली.


७ डिसेंबर

सह्या होतायत. मागच्या मळेवाल्यांना वाऱ्याचं सांगितलं की लगेच पटतं. रुपचंद नाना पण आता आपल्या बाजूला. पहिल्या दिवशी पार्टी मागणारा माणूस एवढा कसा बदलला? नंतर लक्षात आलं, नानांचा मळा बरोबर आमच्या मागं आहे.

अक्कानं सही केली नाही. "माझ्या नावावर काय आहे सही करायला?" म्हणाली. खरंय. लग्नाच्या वेळी तिनं हक्कसोड करून दिलं होतं. मी तेव्हा अकरावीत होतो. आपल्याकडं बहिणी देतातच, भाऊ लुगडं घेतो, झालं. मी पुण्यातल्या पहिल्या पगारातून तिला पैठणी घेतली होती. ती धुळ्यालाच राहिली बहुतेक. विचारलं पाहिजे.


२४ डिसेंबर

माझं जमलं. मुलगी रावेरची, डिंपल. शिकलेली, मोकळी बोलते. पहिल्याच भेटीत म्हणाली, "तुम्ही ते नकाशावाले ना?" म्हणजे कीर्ती तिकडंही पोचली. लग्न एप्रिलमध्ये.

माय घराची मोजणी करत हिंडतेय. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, ओसरी. आतल्या खोलीत सध्या अक्का असते. मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाली, "मी ओसरीत. मले तथी वारा लागतो." मायनं लगेच ठिबकच्या नळ्या आणि खताची पोती एका बाजूला लावून खाटेपुरती जागा केली. एका बाजूनं बारदानाचा पडदाही लावला. आबा पडद्याकडं बघत राहिले, मग बाहेर निघून गेले.

अक्काचा स्वभाव फार चांगला आहे. दुसऱ्या घरात यावरून महाभारत झालं असतं.


११ जानेवारी

तुरीच्या शेंगा सोलताना अक्का म्हणाली, "हितू, एक विचारू? हसशील."

"विचार."

तिनं शेंगांचा ढीग एका बाजूला केला. "ही बाग. इकडून वारा." मग सोललेली टरफलं ढिगाच्या पुढं एका ओळीत मांडली. "रस्त्याच्या कडेनं घरांची एकच ओळ दिली तर? दोन-दोन गुंठे. एकाला लागून एक, मधे फट नाही. पश्चिमेला खिडकी नाही. शेवरी दोन वर्षांनी पुन्हा लावावी लागते. भिंत तर राहते. वारा घरं अडवतील, मागं केळी तशीच."

मी हसलो नाही. कल्पना म्हणून झकास आहे. माणसं वारा अडवून उभी आहेत आणि त्यांच्या मागं केळी हलतेय! मी तिला म्हटलंही, अक्का, तुझ्यात कवी आहे.

ती म्हणाली, "कवी नको. होईल का ते सांग."

मग मी तिला नीट समजावलं. एक ओळ दिली की तिच्यामागं दुसरी मागतील. दोन गुंठ्यांचे प्लॉट श्रेयांससारखे लोक चार नावांनी घेऊन टाकतील. कायद्यात फट ठेवली की आत काय येईल ते आपल्या हातात राहत नाही.

"मग हिरव्यात ज्याला घर बांधायचंय त्यानं?"

"शेतघर बांधता येतं. पण एकरभर जमीन स्वतःच्या नावावर पाहिजे."

"आणि ज्याच्या नावावर नाही?"

"त्यानं गावात राहावं."

"आणि तसंच बांधलं, कोणाला न विचारता?"

"पाडतील. आणि तू काय आज सगळ्या गावाची वकिली घेतली?"

"नाही बाप्पा," ती म्हणाली. "बिनकागदाचं राहून पाहिलं मी. कोणी पण ऊठ म्हणतं." आणि टरफलं गोळा करून म्हशीला टाकून आली.

रोपांच्या नर्सरीत ती कामाला जाते, ती नोकरी कच्ची आहे, त्याबद्दल बोलत असावी. कायम करून घ्या म्हणून मालकाशी बोललं पाहिजे.


२१ फेब्रुवारी

आज सुनावणी झाली, जळगावला. दोन टेम्पो भरून गेलो. बायका चार-पाचच होत्या, त्यात अक्का. स्वतःहून आली. आबा पण आले, धुवट धोतर नेसून, लग्नाला निघाल्यासारखे.

मी बोललो. वाऱ्याचं बोललो, पाळीचं बोललो, पुढची बाग आणि मागची बाग. सुनावणी घेणाऱ्या मॅडम मन लावून ऐकत होत्या. मला वाटलं होतं घड्याळ बघतील. माझं झाल्यावर म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला पटतंय. एवढी कॉलनी तिथं नको. पण सगळंच हिरवं केलं तर पुढची वीस वर्षं गावठाणाबाहेर कोणाला खोली टाकता येणार नाही, शेतघर सोडून. गावात घरं वाढणारच आहेत. मर्यादित वस्ती, बाकी शेती, असंही करता येतं. रस्त्याच्या कडेला एखादी पट्टी सुचवा. अगदी लहान. मी आत्ता लिहून घेते."

मी मागं बघितलं. नाना मान हलवत होते, नाही-नाही अशी. श्रेयांस भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी. अक्का दाराजवळच्या खुर्चीवरून अर्धी उठली होती. सकाळी टेम्पोत तिला गाडी लागली होती, मला वाटलं बाहेर जायचंय. आबा तिच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हटलं, "पट्टी नको मॅडम. आज दोन गुंठे दिले तर उद्या दोनशे द्यावे लागतील. एक गुंठाही नको."

टाळ्या. सरकारी हॉलमध्ये टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पुढचं नाव पुकारलं. अक्का खाली बसली. बाहेर काही गेली नाही.

खरं सांगायचं तर तोंड उघडेपर्यंत मी ठरवलं नव्हतं काय म्हणायचं. अक्काच्या टरफलांची ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली होती. ते बोललो असतो तर मॅडमनी लिहून घेतलं असतं, एवढं नक्की. पण शंभर माणसं माझ्या पाठीशी बसली होती आणि पट्टी हा शब्द नरम वाटला.

खाली चहाच्या गाडीवर आबा म्हणाले, "जास्तच बोलला तू."

"जास्त म्हणजे?"

"चहा घे."

अक्कानं चहा घेतला नाही. परतताना सगळा वेळ मागं बसून होती. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाली, "तू चांगला बोलला रे. धुळ्याले कोणी मह्यासाठी इतकं बोललं असतं, तर..." टेम्पोचा आवाज फार होता. पुढचं ऐकू आलं नाही.


२२ फेब्रुवारी

पेपरात आलंय. फोटोत मी, नाना आणि कोणाचा तरी हात.


२३ एप्रिल

लग्न झालं. दमलोय. आतल्या खोलीला नवा रंग लावलाय, वास अजून जात नाही.


९ मे

आज पारा कुठं गेला कोण जाणे. यावलच्या रस्त्यावर डांबर चिकटत होतं. दुपारी मळ्यात गेलो तर शेवरीच्या बाहेरच्या अंगाला उभं राहवत नव्हतं, तोंडावर तव्याची वाफ आल्यासारखं. आतल्या अंगाला केळीचं पानसुद्धा फाटलेलं नाही. मागच्या मळेवाल्यांनी पाण्याची पहिली पाळी न सांगता आमच्याकडं सोडलीय. शिवार अजून जिवंत आहे. मी बरोबर होतो.

ओसरी पश्चिमेला आहे. अक्का पडदा ओला करून झोपते. मी म्हटलं, तू माय-आबांच्या खोलीत झोप. ती म्हणाली, आबांना रात्री खोकला येतो, माझ्यामुळं ते दाबून धरतात. डिंपल म्हणाली, आपण कूलर घेऊ त्यांच्यासाठी. ओसरीत कूलर कसा चालेल, दोन बाजू उघड्या.


२१ जून

अक्का आज भुसावळला गेली. मुलींच्या हॉस्टेलवर वॉर्डन म्हणून. पगार नर्सरीपेक्षा फार जास्त नाही, पण राहायची खोली मिळते. मी म्हटलं, घर सोडून कशाला, तुला काय कमी आहे इथं? ती बॅगेची चेन लावत म्हणाली, "काही कमी नाही रे."

माय रडली. आबा तिला स्टँडवर सोडायला गेले, मला येऊ दिलं नाही. परत आल्यावर थेट मळ्यात गेले. संध्याकाळी बघतो तर विहिरीच्या कोपऱ्यातली शेवरी बुडापासून तोडलेली. वीस-पंचवीस झाडं. मी संतापलो.

"आबा, हे काय केलं?"

"मह्या मयाची हाये," ते म्हणाले. "मले दिसू दे जरा तो कोपरा."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पाऊस तोंडावर आहे, वाऱ्याचा धोका मार्चपर्यंत नाही. डिंपल म्हणते त्यांना डॉक्टरला दाखवू.


१६ जानेवारी

आराखडा मंजूर झाला! पिवळा डाग गेला. पश्चिमेला नाल्यापर्यंत हिरवंच. नानांनी पेढे वाटले. श्रेयांसचा फोन आला, "जिंकला रे तू." मग म्हणाला, "तुझ्या बहिणीनं मला दोन गुंठ्यांचं विचारलं होतं, माहितीय? सुनावणीच्या आधी, डिसेंबरात. कॉलनी झाली तर कडेचा कोपरा द्याल का, हप्त्यानं. मी हो म्हटलं होतं." मी म्हटलं, गुंतवणूक म्हणून विचारलं असेल. तो म्हणाला, "असेल."

अक्काला फोन केला. मंजुरीचं सांगितलं. "छान झालं," म्हणाली. मागं मुलींचा गलका होता. दोन गुंठ्यांचं विचारायचं होतं, पण तिला जेवणाची घंटा वाजवायची होती.


४ मार्च

डिंपलला चौथा महिना. ती म्हणते बाळ आल्यावर या घरात पुरणार नाही. बरोबर आहे. तालुक्याला जाऊन आलो. चार एकर माझ्या आणि आबांच्या नावावर आहे, त्यामुळे शेतघराला अडचण नाही. नियम माझ्या तोंडपाठच होता, तरी साहेबांनी वाचून दाखवला. जागा विहिरीचा कोपरा, रस्ता जवळ, पाणी जवळ, आणि शेवरी आबांनी तोडलेलीच आहे. पश्चिमेची भिंत भरीव ठेवली की वाराही अडतो.

आबांना सांगितलं. "तथीच बांधशील?" एवढंच विचारलं.


आखाजी

अक्का सकाळच्या गाडीनं आली. भुसावळहून दोन टरबुजं घेऊन आली, पाहुणे आणतात तशी. मायनं तिला बसायला चटई टाकली आणि मग स्वतःच ओशाळली. गावात माहेरवाशिणी आल्यात, निंबाला झोके बांधलेत, सगळीकडं गाणी. अक्काला पोरींनी ओढून एकदा झोक्यावर बसवलं. फार वर झोका घेतला नाही तिनं.

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चांगला, म्हणून घराची आखणी करून घ्यायची होती. मिस्तरी सणाचा आला नाही. आम्हीच गेलो, मी, डिंपल, माय, अक्का. आबा आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. घमेल्यात चुन्याची फक्की घेतली. नारळ अक्कानं फोडायचा, थोरली बहीण म्हणून. मग मी फक्की हातात घेऊन उभा राहिलो, आणि सुरुवात कुठून करायची तेच कळेना.

"दे इकडं," अक्का म्हणाली.

तिनं टेप मागितला नाही. वाकून चालत गेली आणि मागं पांढरी रेघ उमटत गेली, सरळ. "स्वयंपाकघर विहिरीकडं. पाणी लांबून आणायला नको. दार पूर्वेला, सकाळी उजेड चुलीपर्यंत येतो. पश्चिमेला भरीव. खिडकी दक्षिणेला एक, तथून बागेचा गारवा येतो. पलंग इथं ठेवला की डोक्याशी खिडकी, पायाशी दार दिसतं, कोण आलं ते झोपल्या झोपल्या कळतं."

डिंपल हसून म्हणाली, "अक्का, तुम्ही तर इंजिनियर निघाल्या!"

"दोन खोल्यांचं घर, त्याले काय इंजिनियर लागस?" अक्का म्हणाली. धुळ्याची बोली तिच्या तोंडातून अजून अशी मधेच निघते.

"तीन खोल्या करायच्यात अक्का," मी म्हटलं. "बाळ आहे ना."

ती थांबली. आखलेल्याकडं बघितलं. "हो का," म्हणाली. "हो. तुम्हाले तीन लागतीन." चपलेनं एक रेघ पुसली आणि सगळं दहा फूट पुढं नेलं.

माय म्हणाली, चला, घागर भरायची राहिलीय. मी, डिंपल, माय रेघा ओलांडून निघालो. अक्का स्वयंपाकघराच्या चौकोनात होती. ती ओलांडून आली नाही. मधल्या खोलीतून गेली, बाहेरच्या खोलीतून गेली आणि पूर्वेला दारासाठी जागा सोडली होती तिथून बाहेर पडली. बाहेर आल्यावर मागं वळून तिनं हात पुढं केला, दार ओढून घेतात तसा.

हॉस्टेलची सवय असेल. तिथं रोज किती दारं लावावी लागतात.

डिंपलनं विचारलं, काय बघताय? मी म्हटलं, रेघ सरळ आलीय का ते बघतोय.